कुस्को, मार्गे न्हावरे

आमचे शेजारी गार्डसाहेब दक्षिण अमेरिकेतील कुस्को नगरी पाहून दौंडास परत आले, त्या दिवसापासून आमच्या आळीत प्राणवायू कमी पडू लागला. रेल्वेच्या शेवटच्या डब्यात बसून हिरवे-तांबडे निशाण दाखविण्यात ज्यांची उभी हयात गेली, आणि त्यामुळे दौंड ते मनमाड व दौंड ते सोलापूर हा सगळा मुलूख ज्यांनी केवळ मागे मागे पडतानाच पाहिला, अशा या गृहस्थांना लेक-जावयांनी टेक्सासला बोलावून घेतले, व परतीच्या तिकिटास अवकाश आहे तर आईवडिलांस काहीतरी भव्य दाखवावे अशा सद्भावनेने पेरू देशातल्या इंका राजांच्या त्या पुरातन राजधानीत नेऊन सोडले. लेकीची कर्तव्यनिष्ठा वाखाणण्याजोगी खरी. पण तिचे परिणाम भोगण्याची पाळी आम्हां शेजाऱ्यांवर आली. कारण गार्डसाहेबांच्या मोबाइलमध्ये सातशे छायाचित्रे होती, आमच्या ओट्यावर सावली होती, आणि मी सेवानिवृत्त शिक्षक असल्यामुळे ‘मला अन्यत्र काम आहे’ ही सबब सांगण्याचा माझा अधिकार सरकारने अठ्ठावन्नाव्या वर्षीच काढून घेतला होता.

पहिले तीन दिवस नुसत्या उंचीत गेले. “गुरुजी, तीन हजार चारशे मीटर!” असे म्हणून ते थांबत, आणि ती उंची माझ्या तोंडावर उमटते की नाही ते पाहत. कळसूबाई १६४६ मीटर; तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली तरी कुस्को शंभरेक मीटर वरच राहते, हा हिशेब वस्तुतः मी त्यांना करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयात तो ते स्वतःचा म्हणून सांगताना मी ऐकला. तिथे विमानातून उतरल्याबरोबर माणसाला धाप लागते, डोके ठणकू लागते, आणि हॉटेलातली मंडळी कोका नावाच्या पाल्याचा काढा पुढे करतात. काकूंनी तो हुंगून पाहिला आणि पिशवीतली सुंठ काढली. दुसऱ्या दिवशी उभयतांची धाप थांबली. कोणत्या औषधाने थांबली याविषयी त्या दांपत्यात अद्याप एकमत नाही.

चौथ्या दिवशी दगड लागले. कुस्कोत हातुन रुमियोक नावाची एक गल्ली आहे, तिच्या भिंतीत बारा कोनांचा एक दगड बसविलेला आहे, आणि जगभरचे प्रवासी त्या दगडासमोर, आपण पंढरीत विटेसमोर उभे राहतो तसे, ओळीने उभे राहून छायाचित्र काढून घेतात. इंकांनी ना चुना वापरला ना लोखंड. तरीही दोन दगडांच्या सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. त्या बारा कोनी दगडास हात लावण्यास मनाई असल्यामुळे गार्डसाहेबांनी पलीकडच्या एका भिंतीच्या सांध्यात रेल्वेचा निवृत्तीचा पास सरकवून पाहिला, आणि हिंदुस्थानात जो पास कोणत्याही फाटकातून आत जातो तो तिथे तसूभरही आत जाईना, हे पाहून त्यांना इंकांविषयी जो आदर वाटू लागला तो आजतागायत टिकून आहे. मला मात्र आमच्या तालुक्यातले बांध आठवले. दोन परक्या दगडांमध्ये पाचशे वर्षांत पाते शिरले नाही. आमच्याकडे दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधल्या बांधात दरवर्षी नांगराचा फाळ शिरतो, आणि तो बांध कोरला जात जात अखेर केवळ दिवाणी न्यायालयात शिल्लक राहतो.

“पण गुरुजी, असे दगड आपल्याकडे नाहीत,” ते म्हणाले. यावर मला बोलणे भाग पडले. दौंडचे नाव इंग्रजांना उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी ते ‘धोंड’ असे लिहिले. पुण्याहून दिकसाळपर्यंतची आगगाडी १८५८ साली सुरू झाली, दौंड-मनमाड फाटा १८७८ साली झाला, आणि तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी आमच्या गावाची तिकिटे ‘धोंड’ म्हणूनच काढली. ज्या गावाचे सरकारदप्तरी नावच मुळी धोंड होते, त्याला कुस्कोच्या बारा कोनी दगडाचे काय कौतुक? आणि या धोंडीला तर चार कोन पुरेसे होतात: एक पुण्याकडे, एक सोलापूरकडे, एक मनमाडकडे आणि एक बारामतीकडे. ज्याला कुठेही जायचे नसते तोही मध्यरात्री एकदा तरी इथे उतरून चहा पितो.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कुस्कोत जे पाहण्यासारखे आहे ते दगडात नसून दगडावर दगड कसे चढले त्यात आहे. १५३३ साली फ्रान्सिस्को पिझारो नामक स्पॅनिश सरदार मूठभर स्वार व अमाप लोभ घेऊन त्या नगरात शिरला. तिथे कोरिकांचा म्हणून सूर्याचे मंदिर होते, ज्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे मढविले होते. पत्रे उतरले. मग विजेत्यांना प्रश्न पडला की या भिंतींचे काय करावे. आणि त्या पाडण्याचे श्रम इतके भारी ठरले असते की त्यांनी त्याच जोत्यावर आपला सान्तो दोमिंगोचा मठ चढविला. अर्थात तळमजला इंकांचा, माडी स्पेनची. पुढे १६५० साली मोठा भूकंप झाला आणि १९५० साली पुन्हा झाला. दुसऱ्या भूकंपात मठाचा बराचसा भाग कोसळला आणि त्याखालून इंकांच्या भिंती, जणू कोणी अंगावरचे पांघरूण ओढून घेतले आहे अशा, जशाच्या तशा उघड्या पडल्या. इतिहासाचे खटले वर्षानुवर्षे पडून राहतात. पण बांधकामाच्या बाबतीत भूकंपासारखा निःस्पृह न्यायाधीश नाही. दोन्ही ठेकेदारांचे काम त्याने एकाच दिवशी तपासले, आणि ज्याचे बिल थकले होते त्याच्या बाजूने निकाल दिला.

याहूनही मला मोह पडला तो मृत राजांच्या व्यवस्थेचा. इंका राजा मेला म्हणजे त्याचा देह जतन करून ठेवीत, उत्सवात त्याला चौकात आणून बसवीत, त्याच्यापुढे मक्याची दारू व अन्न मांडीत, अडल्यानडल्या कामात त्याचा सल्लाही घेत. आणि मुख्य म्हणजे त्याच्या जमिनी, वाडे, चाकरमाणसे सर्व त्याच्याच नावे राहत. त्याचे कुळ त्या मिळकतीची वहिवाट करी, आणि गादीवर आलेल्या नव्या राजास स्वतःसाठी नवीन मुलूख जिंकून आणावा लागे. गार्डसाहेबांनी हे अत्यंत विस्मयाने सांगितले. मला विस्मय वाटला तो त्यांच्या विस्मयाचा. कारण माझे आजोबा वारून साठ वर्षे होत आली, तथापि आमच्या सातबाऱ्यावर ते अद्याप खातेदार आहेत. त्यांच्या नावे ज्वारी पेरल्याची नोंद होते, विहिरीत त्यांचा चार आणे हिस्सा आहे, आणि गेल्या मार्चमध्ये त्यांना थकबाकीची एक नोटीसही आली, जी मी पोचपावतीवर सही करून त्यांच्या वतीने स्वीकारली. वारस नोंदीसाठी मी एका कचेरीत, जिचे नाव घेण्यात हशील नाही, अकरा खेपा घातल्या. पहिल्या खेपेस मृत्यूचा दाखला नव्हता, चौथ्या खेपेस दाखला होता पण त्यावरील नाव व सातबाऱ्यावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक होता, सातव्या खेपेस वेलांटी मिळाली पण आत्याबाईंची संमती हरवली, आणि अकराव्या खेपेस तेथील एका समंजस गृहस्थाने मला खुर्ची देऊन सांगितले, “गुरुजी, राहू द्या की आजोबांना. त्यांचा काय त्रास आहे तुम्हाला?” इंका लोकांनी जे तत्त्व समारंभाने व मिरवणुकीने साधले, ते आमच्या महसूल खात्याने केवळ स्वस्थ बसून साधले आहे.

दप्तराचेही तसेच. इंकांना लिपी नव्हती. त्यांचा सारा हिशेब दोऱ्यांना मारलेल्या गाठींत असे, व त्या गाठींच्या जुडग्यास किपू म्हणत. आमच्या पेशवे दप्तरातले कागद कापडात गुंडाळून वर गाठ मारून ठेवलेले असतात, त्यास रुमाल म्हणतात. त्यांची माहिती गाठीत असे, आमची गाठीच्या आत असते. सोडवायला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो.

इथवर येईतो गार्डसाहेब थोडे हिरमुसले होते. म्हणून त्यांनी खाद्यपदार्थांकडे मोर्चा वळविला. कुस्कोच्या मुख्य चर्चमध्ये मार्कोस सापाता नावाच्या तिकडच्याच चित्रकाराने रंगविलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात ताटाच्या मध्यभागी कोकराऐवजी त्या देशी आवडीने खाल्ला जाणारा गिनीपिग पाय वर करून पडलेला आहे. धर्म परक्याचा आला तरी स्वयंपाक घरचाच होणार, हे त्या चित्रकाराने ज्या मुकाट्याने सांगितले आहे तेवढ्या मुकाट्याने सांगणे लेखकाला साधत नाही. काकूंनी ते चित्र पाहिले व त्या दिवसापासून तिथे त्या केवळ बटाट्यावर राहिल्या. बटाट्याला तिकडे ‘पापा’ म्हणतात. सबंध हॉटेलात प्रौढ माणसे गंभीर चेहऱ्याने पापा मागत आहेत आणि वाढपी तितक्याच गंभीरपणे ते आणून देत आहेत, हे दृश्य पाहून काकूंना जे हसू फुटले ते त्या उंचीवर प्रकृतीस अपायकारक ठरण्याची वेळ आली होती.

बटाटा हा मूळचा त्याच डोंगरांतला. हे ऐकून मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा हिशेब मांडू लागलो. बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद तिकडचाच, रताळे अमेरिकेतले, हिरवी मिरची अमेरिकेतली, राजगिराही तिकडचाच, आणि त्याच्याच एका सख्ख्या भावाला पेरूत किविचा म्हणून आजही पिकवितात. म्हणजे तूप वगळता आमच्या आषाढी एकादशीच्या पानात फारसे काही स्वदेशी उरतच नव्हते. ज्ञानोबा-तुकोबांच्या काळी उपास कसे झाले असतील, हा प्रश्न मी काकूंना विचारला. “कडक,” त्या म्हणाल्या, आणि साबुदाणा निवडू लागल्या. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्याच तालुक्यातून, यवत व वरवंड येथे मुक्काम करून जाते. तिच्या वाटेवर बटाट्याच्या चिवड्याची जी पाकिटे वाटली जातात, त्यांवर सूर्यपूजक इंका राजांचे काही देणे आहे असे आजवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. सुदैवाने पावतीही कोणी मागितलेली नाही.

शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून गार्डसाहेबांनी आगगाडी काढली. कुस्को खोलगट जागी असल्यामुळे तिथून माचू पिक्चूकडे जाणारी गाडी डोंगर चढताना एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे, अशी नागमोडी चढते. हे ते डोळे मोठे करून सांगू लागले, आणि मध्येच थबकले. नगरकडून येऊन पुण्यास जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडास एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावतात, आणि त्या अवधीत अर्धी गाडी झोपेतून उठून ‘आपण परत चाललो की काय’ असे विचारते, हे ज्यांनी हजारो वेळा पाहिले, त्यांना ही गोष्ट दुसऱ्याला नवल म्हणून सांगण्याची लाज वाटली असावी. हल्ली कॉर्ड लाइनमुळे पुष्कळशा गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. तो विषय निघाला की गार्डसाहेब खिन्न होतात; तोही आम्ही तिथेच सोडला.

मग मी शिरूर काढले.

शिरूर म्हटले की प्रथम कोणते शिरूर हा प्रश्न येतो, कारण बीडकडे एक शिरूर कासार आहे, लातूरकडे एक शिरूर अनंतपाळ आहे. यास्तव आमच्या बाजूचे लोक घोडनदी असे नदीचेच नाव गावास लावून मोकळे होतात. स्पॅनिश कुस्को की क्वेचुआ कोस्को असा वाद जो त्या नगरीत चालतो, तो आमच्याकडे एस.टी.चा वाहक एका प्रश्नात मिटवितो. त्या तालुक्यात पाबळ आहे, जिथे मस्तानी विसावली आहे, आणि तिच्या त्या जागेला समाधी म्हणावे की कबर हे ज्याने त्याने आपापल्या घरून ठरवून यावे अशी मुभा आहे. वढू बुद्रुकही त्याच तालुक्यात. तिथे शंभूराजांच्या समाधीपाशी विनोदी लेखकाने पादत्राणांबरोबर लेखणीही बाहेर काढून ठेवावी.

पण मला सांगायचे होते ते कर्नल वॉलेससाहेबांविषयी. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पदरात घेतली, आणि तिची छावणी घोडनदीच्या काठी शिरूरला पडली. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीच्या हाताखाली लढलेले हे कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली शिरूरला वारले व तिथेच त्यांना मूठमाती मिळाली. इथपर्यंत हिंदुस्थानातल्या कोणत्याही गोऱ्या कबरस्तानासारखी हकीकत आहे. पुढली मात्र नाही. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरात नोंद आहे की साहेबांस शिरूरचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून ओळखत. ब्राह्मण व मारवाडी वाणी वगळता शिरूर व आसपासच्या गावांचे सगळे हिंदू त्यांच्या थडग्याची पूजा करीत. आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून त्यांच्यापुढे ठेवीत. ब्राह्मणांनी व वाण्यांनी स्वतःस का वगळून घेतले याचा खुलासा गॅझेटियरकार करीत नाहीत. माझा तर्क असा की पहिल्यांना दक्षिणेविषयी व दुसऱ्यांना परतफेडीविषयी साहेबांकडून लेखी हमी मिळाली नसावी.

कुस्को जिंकणाऱ्यांना सूर्याच्या मंदिरावर मठ चढवावा लागला, मृत राजांचे देह नाहीसे करावे लागले, आणि ज्या चौकात ते देह बसत तिथे आता वर्षातून एकदा पंधरा ख्रिस्ती मूर्तींची मिरवणूक काढावी लागते. इतका खर्च करूनही भूकंपात जोते उघडे पडले ते पडलेच. घोडनदीच्या शेतकऱ्यांनी उलट बाजूने काम केले. छावणी उठविण्याची ताकद त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा त्यांनी छावणीतला कर्नलच उचलून म्हसोबा-विरोबांच्या पंगतीला नेऊन बसविला, आणि बाजरीची पहिली कणसे त्याच्यापुढे टाकून त्याला पावसापाण्याच्या कामाला जुंपले. ज्याने आमच्याकडून सारा वसूल करायचा, त्यालाच आम्ही नवस बोलून उलट देणे लागू केले. आणि यात ना दगड हलवावा लागला, ना चुना कालवावा लागला.

हा आमच्या जिल्ह्याचा गुणच दिसतो. १८३८ साली मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट दापोडीच्या बंगल्यात वारले, आणि त्या संध्याकाळी एक मांजर बंगल्याच्या दारातून निघून साहेबांच्या नेहमीच्या फिरण्याच्या वाटेने जाताना पहाऱ्यावरच्या शिपायांनी पाहिले. मांजर नेमके कोणते हे ओळखणे अवघड. सबब अंधार पडल्यावर त्या दारातून बाहेर पडणाऱ्या एकूण एका मांजराला शस्त्रे सावरून सलामी देण्याची वहिवाट पुढे पंचवीस वर्षे चालू राहिली, असे एका इंग्रज सेनाधिकाऱ्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साहेब गेला तरी हुकूम एका पहाऱ्याकडून दुसऱ्या पहाऱ्याकडे रीतसर सोपविला जात होता. सेवापुस्तकात नोंद नसतानाही मांजराने एवढे कमावले.

“मग कर्नलसाहेबांना बघायलाच पाहिजे,” गार्डसाहेब म्हणाले. प्रथमच त्यांच्या तोंडून असे स्थळ निघाले होते जे सातशे छायाचित्रांत नव्हते. पुढे एका एकादशीस दुपारी त्यांच्या मोटारीतून आम्ही दोघे निघालो. पाटस, मग चौफुला, जिथे तमाशाच्या थिएटरांवरून जाताना गार्डसाहेबांनी काच वर केली व मान मात्र वळविली. मग भीमा ओलांडून न्हावरे. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या अशा एकीस एक लागून उभ्या होत्या की इंकांच्या भिंतीत एखादे वेळी पास शिरला असता, पण या सांध्यात मोटारसायकलही शिरत नव्हती. दीड तास आम्ही एका ट्रॉलीच्या मागे लिहिलेले ‘पुन्हा भेटू’ हे वाक्य वाचीत बसलो.

घोडनदीत पोचेतो अंधार पडला. चहाच्या गाडीवाल्याला वॉलेससाहेबांची कबर विचारली तेव्हा त्याने आम्हांला वॉलपेपरचे दुकान दाखविले, शेजारच्या पानवाल्याने “कुठल्या बॅचचे साहेब?” असे विचारले, आणि शेवटी एका म्हातारबुवांनी काठीने दिशा दाखवून, “जुनी गोऱ्यांची जागा ना? जावा सरळ, पण आता अंधारात काय दिसणार?” असे म्हणत आम्हांला वाटेस लावले. खरोखरच काही दिसले नाही. मोबाइलच्या उजेडात गवत, एक दगडी कड, तिच्यावरून झपाट्याने गेलेला एक सरडा. अक्षरे होती की नव्हती हे मी शपथेवर सांगणार नाही. ती जागा वॉलेससाहेबांचीच होती हेही नाही. परंतु गार्डसाहेबांनी, जे कुस्कोच्या चर्चमध्ये बूट घालून हिंडले होते, इथे चपला काढल्या. खिसे चाचपले. नव्या धान्याची ओंबी कुठून असणार. काकूंनी बांधून दिलेल्या उपासाच्या बटाट्याच्या चिवड्याची पुडी होती. त्यांनी ती सोडली, त्यातले चार शेंगदाणे आणि थोडा बटाट्याचा कीस त्या दगडावर ठेवला, आणि सवयीने हात वर करून हिरवे निशाण दाखविल्यासारखे काहीतरी केले.

परत येताना न्हावऱ्याला ट्रॉल्या तशाच उभ्या होत्या. दौंडचा सिग्नल दिसला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती, म्हणजे रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे द्वादशी लागली होती. तेव्हा आम्ही स्टेशनासमोर गाडी उभी केली आणि बटाटेवडे खाऊन उपास तिथेच सोडला.